कोंबड्या संध्याकाळी मोजाव्या

(आपल्या विश्वस्त संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लोधीखेडा येथे भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांपुढे बोलले. परंतु मुले मध्येच उठून पाणी प्यावयास जातात, त्यामुळे आपले बोलणे लांबले हे मास्तरणीला आपोआप कळते. येथे तशी सोय दिसत नाही. तेव्हा लांबले तर कोणी तरी उठून पाणी पिऊन यावे, म्हणजे मी समजेन.

आपले कार्यवाह मला बोलवावयास आले तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही संस्कारांवर बोला." मी म्हटले, संस्कारांवर बोलणारी माणसे पुष्कळ आहेत, मी कोंबड्यांवर बोलेन. त्यांना ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. महोत्सवाच्या निमित्ताने समाजातील एकट्या कमावत्या भगिनींना घरटी दहा-दहा कोंबड्या द्याव्या, असा विचार विश्वस्त मंडळापुढे असल्याचे माझ्या कानी आले. हेतू चांगला आहे, त्याविषयी शंका नाही. परंतु ४५ वर्षे परसात कोंबड्या पाळणाऱ्या बाईला त्यावर दोन शब्द बोलावेसे वाटतात, आणि ते कोंबड्या वाटून झाल्यावर बोलण्यापेक्षा आधी बोललेले बरे.

आपल्या समाजात काही घरी अंडे चालत नाही. त्यांच्याविषयी मला आदर आहे, त्यांनी हे भाषण नुसते ऐकण्यापुरते ऐकावे.

माझे लग्न १९७८ साली झाले आणि मी लोधीखेड्यास आले. माहेरी गाय होती, कोंबडी नव्हती. सासरी परसात निंबाचे झाड, त्याखाली मातीचे खुराडे, आणि सासूबाईंच्या सात कोंबड्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक काम सांगितले. दिवस मावळला की खुराड्याच्या दारापाशी उभे राहून कोंबड्या मोजावयाच्या. मी नवी सून, शिकलेली, मी सकाळी दार उघडताना मोजल्या आणि सात भरल्या म्हणून सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "सकायी काय मोजतं, बाई? सांजीले मोज. सकायी तं साऱ्याच असते."

त्याचा अर्थ मला पुढे कळला. सकाळच्या मोजणीत काही सापडत नाही. संध्याकाळी एक कमी भरली तर अजून थोडा उजेड असतो. कंदील घेऊन निघता येते. ती शेजारच्या तुरीच्या कुडात अडकलेली असते, नाही तर कोणाच्या गोठ्यात अंड्यांवर चोरून बसलेली असते. रात्र उलटली की मांजर, मुंगूस, उदमांजर यांचा हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबात आपल्याला कोणी विचारत नाही.

आता ज्यांनी कोंबडी पाळलेली नाही त्यांच्यासाठी तिचे गणित थोडक्यात सांगते. आपली गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. अंडी तिच्याखाली ठेवली की २१ दिवस बसते, पिले काढते, दोन-अडीच महिने ती मिरवते, त्यांना उकिरड्यावर उकरावयास शिकवते, आणि मग पुन्हा अंड्यावर येते. असे वर्षातून तीन वेळा, फार तर चार वेळा होते. म्हणजे वर्षाकाठी ५०-६० अंडी, चांगली असली तर ८०. शहरात पिंजऱ्यात ठेवलेली कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, हे ऐकून पुष्कळांना आपली कोंबडी आळशी वाटते. ती आळशी नाही. पिंजऱ्यातली फक्त अंडी घालते. तिच्या पिलांचा जन्म यंत्राने होतो, खाणे गोणीतून येते आणि तिच्या डोक्यावर रात्री दिवा लावतात. आपली कोंबडी अंडी घालते, स्वतः उबवते, स्वतः वाढवते, आणि खाणे स्वतः शोधते. आपण तिला सकाळ-संध्याकाळ मूठभर ज्वारी किंवा कणी टाकतो, तीही ती घरी परत यावी म्हणून.

दिवस कसा जातो म्हणाल, तर रोज निराळा. कोंबडी रोज थोडी उशिरा अंडी घालते. अंडे तयार व्हावयास दिवसापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. आज आठ वाजता, उद्या नऊला, परवा त्याहून उशिरा, आणि एके दिवशी दुपार टळते तेव्हा ती सुट्टी घेते. नवखी बाई म्हणते, माझी कोंबडी बिघडली. बिघडली नाही, तिचे घड्याळ आपल्या घड्याळाहून संथ आहे इतकेच. हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. पीस गाळावयास लागली की बंदच होतात. आणि आपल्याकडचा वैशाख! पारा ४५ च्या घरात गेला की कोंबडी चोच उघडून, पंख फाकवून धापा टाकते, कारण तिला घाम येत नाही. त्या दिवसांत अंडी बसवू नयेत. बारा ठेवाल, तीन निघतील. खुराड्यावर पऱ्हाटीचा थर टाकून त्यावर पाणी शिंपडावे, आणि मातीच्या भांड्यात पाणी दिवसातून तीनदा बदलावे. पिलांच्या भांड्यात खडे टाकावे. माझी पहिली चार पिले वीतभर पाण्यात बुडून मेली आहेत, ती परात मी अजून ठेवली आहे.

सासूबाई अंड्यांच्या टोपलीत विळ्याचा तुटका तुकडा ठेवीत, म्हणजे ढग गडगडले तरी अंडी गार पडत नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे, तरी विळा कधी काढला नाही. विळ्याने नुकसान काही होत नव्हते. गडगडाटाच्या दिवशी छप्पर गळते, कोंबडी भिजून उठते आणि अंडी गार पडतात; म्हणून मी छपरावर एक पत्रा जास्त टाकला. सासूबाईंनी यश विळ्याला दिले. असो.

दुसरी एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून मी तंतोतंत घेतली. पिलांचा रंग. पांढरे पिलू दिसावयास गोड, पण घारीलाही ते लांबून दिसते. मातकट, ठिपक्यांचे, वाळलेल्या पानासारखे जे दिसते ते जगते. माझ्या वहीत मी पिलांची नोंद ठेवू लागले तेव्हा हे स्पष्ट दिसले. बारा अंड्यांतून नऊ-दहा पिले निघत, दोन महिन्यांनी त्यांतली चार-पाच उरत. बाकीची घार, कावळा, मांजर, पावसाची एक रात्र यांत जात. ही तूट प्रत्येकीच्या घरी असते, फक्त वही नसली की ती दिसत नाही.

शेजाऱ्यांचे सांगावयाचे राहिले. कोंबडी पाळणारी बाई शेजाऱ्यांशी भांडल्याशिवाय राहिली असेल तर तिने मला भेटावे. उन्हाळ्यात वाळवणे पडली की आपल्या कोंबड्यांना कुरडया नेमक्या दुसऱ्याच्या अंगणातल्याच आवडतात. मेथीचा वाफा त्या एका सकाळीत उकरून ठेवतात. आणि आपली कोंबडी दुसऱ्याच्या कडब्यात अंडी घालते तेव्हा अंडे कोणाचे, हा प्रश्न आमच्या गल्लीत आजवर सुटलेला नाही. माझी पद्धत अशी होती की वाफा उकरला तर दोन अंडी नेऊन द्यावयाची, बोलणे खावयाचे आणि चहा पिऊन परत यावयाचे. भांडण मिटत नसे, पण लांबतही नसे.

आणि पैसा. हा भाग विश्वस्तांनी नीट ऐकावा. गावठी अंड्याला बाजारच्या पांढऱ्या अंड्याहून जास्त भाव मिळतो, आणि गावठी कोंबड्याला तर आखाडीच्या महिन्यात मागेल ती किंमत येते. मग श्रावण लागतो आणि महिनाभर कोणी विचारीत नाही, म्हणून विकावयाचा कोंबडा आषाढातच विकावा. हा पैसा थोडा असतो, पण तो बाईच्या कनवटीला असतो. कापसाचा पैसा घरधन्याचा, संत्र्याच्या बगिच्याचा पैसा घरधन्याचा, बोरगावच्या कारखान्यातला पगार ज्याचा त्याचा. कोंबडीचा पैसा कोणी मोजून मागत नाही. माझ्या मुलीचा दहावीच्या परीक्षेचा अर्ज, माझ्या डोळ्यांचा चष्मा, माहेरी जावयाचे तिकीट, ही सारी त्या वहीत अंड्यांच्या खाती लिहिलेली आहेत. एकट्या बाईच्या घरी तर तो पैसा म्हणजे आठवड्याचे तेल-मीठ. म्हणून कोंबड्या देण्याचा विचार चांगला आहे असे मी म्हणाले. आता तो अपुरा का वाटतो ते सांगते. त्यासाठी मला १९९६ सालचा उन्हाळा सांगावा लागेल, आणि तो सांगावयास मला बरे वाटत नाही.

त्या वर्षी माझ्याकडे लहान-मोठ्या मिळून २३ कोंबड्या होत्या. इतक्या त्याआधी कधी नव्हत्या. आठवडी बाजारात एक माणूस तीन तलंगा अगदी स्वस्तात देत होता. तलंग म्हणजे अंड्यावर यावयाच्या बेताची कोंबडी. ती स्वस्तात कोणी देत नाही. मला त्याच वेळी शंका यावयास हवी होती. मी त्या घेतल्या आणि त्याच संध्याकाळी आपल्या खुराड्यात सोडल्या. मोजल्या, २६ भरल्या, आनंद झाला.

चौथ्या दिवशी त्यांतली एक कोपऱ्यात पिसे फुगवून बसली. हिरवट पातळ हगवण, चोचीतून घरघर. दुसऱ्या दिवशी तिची मान वळली, डोके उलटे पाठीकडे गेले. हा रोग आपल्याकडे मानमोडी म्हणून ओळखतात. दहा दिवसांत माझ्या २६ पैकी ४ उरल्या. मेलेल्या मी उकिरड्यावर टाकल्या. त्या वेळी सगळेच तसे करीत.

आमच्या कुडापलीकडे एक मावशी राहत. नवरा गेलेला, एक मुलगी पदरी. त्यांच्याकडे १४ कोंबड्या होत्या आणि मुलीला सौंसरच्या शाळेत घालावयाचे त्यांनी ठरविले होते. पुस्तके आणि बसचा पास त्या चौदांतून निघावयाचा होता. कोंबड्यांना कूड कळत नाही. माझ्या उकिरड्यावर त्यांच्या कोंबड्या येत. त्यांच्या चौदाच्या चौदा गेल्या. मावशींनी मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. त्यांना रोग कोठून आला हे कळले नव्हते. मला कळले होते. मी पुढे त्यांना ते सांगितले, परंतु सांगावयास मला पावसाळा उलटेपर्यंत धीर झाला नाही. मुलीचे ते वर्ष गेले. ती पुढच्या वर्षी शाळेत गेली, आज ती स्वतः नोकरी करते, हे सांगितले म्हणजे माझे समाधान होते असे कोणी समजू नये.

मानमोडीचे दुसरे नाव राणीखेत. कुमाऊँच्या डोंगरांत राणीखेत नावाचे गाव आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या देशात हा रोग प्रथम तेथे ओळखला गेला, म्हणून गावाचे नाव रोगाला पडले. बिचाऱ्या गावाचा त्यात दोष नाही. इंग्लंडात याच रोगाला न्यूकॅसल म्हणतात, तेही एका गावाचेच नाव. राणीखेतपासून फार लांब नसलेल्या मुक्तेश्वर येथे जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी जुनी संस्था आहे. तेथे १९४० च्या दशकात या रोगावरची लस तयार झाली. म्हणजे माझ्या कोंबड्या मेल्या तेव्हा तिच्यावरची लस जवळजवळ ५० वर्षे जुनी होती. रोग झाल्यावर औषध नाही. आधी लस दिली तर कोंबडी वाचते. हे मला, विज्ञान शिकविणाऱ्या बाईला, ठाऊक नव्हते.

ढोरांच्या दवाखान्यात चौकशी केली. तेथील माणसाने मला सगळे नीट सांगितले. पाचव्या ते सातव्या दिवशी पिलाच्या डोळ्यात एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ आठवड्यांची झाली की निराळी लस टोचून. मग ते हसून म्हणाले, "बाई, पण एका कुपीत निदान शंभर कोंबड्यांची लस असते. तुमच्याकडे चार आहेत."

विश्वस्त मंडळी, माझे सारे बोलणे या एका वाक्यापाशी येते. कुपीची किंमत एका कोंबडीहून कमी आहे. पण ती शंभराची आहे, आणि आपल्या बायकांच्या घरी दहा कोंबड्या असतात. कुपी बर्फात ठेवावी लागते. एकदा फोडून पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते; उरलेली उद्याला चालत नाही. ज्याच्या शेडात हजार कोंबड्या आहेत त्याला यात अडचण काहीच नाही. दहा कोंबड्यांच्या बाईला मात्र एकटीने ते साधत नाही, आणि म्हणून ती लस देत नाही, आणि म्हणून दर दोन-तीन वर्षांनी तिचे खुराडे एका आठवड्यात रिकामे होते. त्यात तिचे अज्ञान थोडे आहे, आळस तर मुळीच नाही. कुपी तिच्या मापाची नाही.

१९९७ साली मी गल्लीतल्या पाच घरी वही घेऊन गेले आणि कोंबड्या लिहून आणल्या. ६४ भरल्या. मावशींनीही पुन्हा तीन घेतल्या होत्या. लस आणली, पहाटे अंधारात खुराडी उघडण्याआधी सुरुवात केली, कारण एकदा कोंबडी बाहेर पडली की ती धरावयास गावातली सगळी मुले पुरत नाहीत. एकीने धरावयाची, एकीने डोळा वर करावयाचा, मी थेंब टाकावयाचा. थेंब टाकल्यावर कोंबडी डोळा मिटेपर्यंत सोडावयाची नाही, नाही तर ती मान झटकते आणि थेंब आपल्या लुगड्यावर. दीड तासात ६४ झाल्या. त्या वर्षी आमच्या गल्लीत मानमोडी आली नाही.

सगळे असेच सरळ झाले असते तर मी आज बोलले नसते. २००१ साली मी नागपूरहून कुपी घेऊन येत होते. उन्हाळा, बस वाटेत बिघडली, तीन तास रस्त्यावर बसलो. थर्मासातला बर्फ पाणी झाला, पाणी कोमट झाले. घरी पाच बायका वाट पाहत होत्या, प्रत्येकीने पैसे दिले होते. मला ती लस फेकवेना. मी ती थेंब-थेंब टाकली आणि कोणाला काही सांगितले नाही. दोन महिन्यांनी रोग आला आणि निम्म्याहून अधिक कोंबड्या गेल्या. त्याहून वाईट म्हणजे बायका म्हणू लागल्या, लस खोटी असते. लस खोटी नव्हती, कोमट झालेली होती. पुन्हा विश्वास बसावयास मला तीन वर्षे लागली, आणि तोही मी खरे काय ते सर्वांसमोर सांगितल्यावर बसला. तेव्हापासून नियम असा केला की बर्फ वितळला तर कुपी सर्वांच्या देखत फोडून मातीत पुरावयाची आणि पैसे माझ्याकडून परत.

आपल्याहून लांबच्या देशांतही बायकांना हीच अडचण आहे. आफ्रिकेत मोझांबिक आणि टांझानिया येथे खेड्यांतून घरटी पाच-दहा कोंबड्या, बर्फ कोठेच नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उन्हाला थोडी जास्त टिकणारी लस काढली, आणि तिकडे गावातल्याच बाया-माणसांना डोळ्यात थेंब टाकावयास शिकवून घरोघर पाठविले. एका कोंबडीमागे थोडे पैसे घ्यावयाचे, त्यातून पुढची कुपी. हे वाचले तेव्हा मला आमच्या गल्लीचे कोणी तरी लिहिले आहे असे वाटले. आपल्याच राज्यात नर्मदेच्या बाजूला, केसल्याच्या आदिवासी बायकांनी एकत्र येऊन कोंबडीपालनाचा व्यवसाय उभा केला. तेथेही रोगाची राखण गावातल्या शिकविलेल्या माणसांकडे ठेवली, तेव्हा कोठे तो टिकला. त्यांच्या कोंबड्या परसातल्या नाहीत, शेडातल्या आहेत, हा फरक आहे.

आता कोणी विचारील की बर्ड फ्लूचे काय. तो निराळा रोग, मानमोडीच्या लसीने तो अडत नाही. आपल्या देशात तो २००६ च्या फेब्रुवारीत प्रथम सापडला, तोही नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरास, आणि तेथे शेडातल्या कोंबड्यांबरोबर परसातल्याही मारून पुराव्या लागल्या. २०२५ च्या जानेवारीत तो आपल्या दारापर्यंत आला. छिंदवाड्यास घरच्या मांजरांत त्याचे विषाणू आढळले. पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये निराळा झाला, पण त्याआधी आपण सगळे छिंदवाड्याचेच, आणि आजही लग्नाचा बस्ता घ्यावयास माणसे तिकडे जातात. त्या दिवसांत गावठी अंड्याला कोणी हात लावीना. मी भयंकर काही सांगून घाबरविणार नाही. इतकेच सांगते की मेलेली कोंबडी मांजरापुढे, कुत्र्यापुढे, उकिरड्यावर किंवा नदीत टाकू नये. हातात पिशवी घालून उचलावी, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. आणि एकाच वेळी अनेक मेल्या तर लपवून विकून न टाकता दवाखान्यात कळवावे. विकून टाकण्याचा मोह कोणाला होत नाही? माझ्याकडच्या त्या तीन तलंगा कोणाच्या तरी मोहातूनच बाजारात आल्या होत्या.

कोणत्या कोंबड्या द्याव्या असेही मला विचारले गेले. हैदराबादची वनराजा आहे, जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाने कडकनाथ आणि तेथील रंगीत कोंबडी यांच्या मेळातून काढलेली नर्मदानिधी आहे. या गावठीहून जास्त अंडी देतात, वजनही लवकर धरतात. पण सुधारलेली कोंबडी अंड्यावर सहसा बसत नाही. तिची अंडी गावठीखाली ठेवावी लागतात. म्हणून घरी निदान दोन गावठी असल्याच पाहिजेत. झाबुव्याच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिचे नाव फार झाले आहे, आणि नाव झाले की बाजारात काळी दिसेल ती कोंबडी कडकनाथ म्हणून खपते. संस्थेने त्या फंदात पडू नये असे मला वाटते.

तेव्हा माझे मागणे असे. दहा कोंबड्यांऐवजी घरटी चार द्या, दोन गावठी आणि दोन सुधारलेल्या. वाचलेल्या पैशांतून दोन वस्तू करा. एक, प्रत्येक घरी जमिनीपासून हातभर उंच, बारीक जाळीचे खुराडे. जाळी बारीक म्हणजे मुंगसाचे डोके जाणार नाही इतकी. मुंगूस एक खाते आणि दहा मारून ठेवते. आपल्या गावच्या सुताराला दोन दिवसांचे काम आहे. दुसरी, या सभागृहात जो फ्रीज आहे, ज्यात सध्या समारंभाच्या उरलेल्या सरबताच्या बाटल्या असतात, त्याचा एक कप्पा लसीसाठी आणि एक चांगली बर्फाची पेटी. आणि बाहेरून आणलेली कोंबडी दोन आठवडे डालग्याखाली निराळी ठेवल्याशिवाय आपल्यात सोडावयाची नाही, हे कोंबड्या घेणारीकडून कबूल करून घ्या. वाटल्यास लिहून घ्या.

एका विश्वस्तांनी मला मघाशी सांगितले की कोंबड्या वाटल्या तर छायाचित्र निघते, लसीचे छायाचित्र कसे निघणार? त्यांचे म्हणणे अगदी खोटे नाही; स्मरणिकेला छायाचित्र लागतेच. त्यांनी पहाटे पाच वाजता आमच्या गल्लीत यावे. लुगड्यावर लसीचे थेंब, केसांत पिसे, आणि काखेत ओरडणारा कोंबडा, असे छायाचित्र कोणत्याही स्मरणिकेत आलेले माझ्या पाहण्यात नाही.

सासूबाई २००९ साली वारल्या. शेवटच्या महिन्यात त्यांना दिसत नव्हते, तरी दिवस मावळला की खाटेवरून विचारीत, "किती भरल्या?" मी सांगे. एखादे दिवशी कमी भरली तर मी खोटे सांगत असे आणि त्यांना ते कळत असे.

पुढील महिन्यात लसीची कुपी आणावयाची आहे. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी आपली संख्या येत्या आठ दिवसांत माझ्या वहीत लिहून द्यावी. पिले निराळी लिहावी, मोठ्या निराळ्या. संख्या संध्याकाळची असावी.